माळाच्या लेकी

मु. पो. बोरदरा, ता. शेवगाव
९ जून २०२५

ती. एस्तेर आक्का हिस,
शांतवनचा प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.

इकडे मी आणि रोझी खुशाल आहोत. तुझ्या कानाचं मशीन पुन्हा बिघडल्याचं मोनिकाने कळवलं. तू म्हणे ते कपाटात टाकून दिलंस आणि यापुढे फोनवर कुणाशीच बोलणार नाही, ज्याला गरज असेल त्याने पत्र लिहावं, असं लेकीला बजावलंस. बरं झालं. निवृत्त मास्तराला पत्र लिहायला सांगणं म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. आता वाच कंटाळा येईपर्यंत.

गावात मोठी गडबड चालू आहे. आपल्या शिवारातला निसर्ग पुन्हा उभा कसा करायचा, याचा आराखडा गावानेच करायचा असं ठरलंय. एका संस्थेची निकिता नावाची मुलगी त्यासाठी आली आहे. पाथर्डीकडची, दिसायला एवढीशी, पण सरपंचालासुद्धा खाली बसवते. तिचं म्हणणं, साहेबांनी आराखडा करायचा आणि गावाने टाळ्या वाजवायच्या असं नको, गावाने सांगायचं आणि तिने लिहायचं. मग शाळेच्या पटांगणावर रांगोळीने गावाचा नकाशा काढला. काढला कुणी, हे तुला सांगायला नको! ओढे निळे, विहिरी पांढऱ्या, पिकाची जमीन पिवळी. दीडशे माणूस गोळा झालं होतं. बायाही होत्या. जो तो आपली विहीर, आपला बांध दाखवत होता.

वरच्या माळाशी आलो, तर कुणालाच दाखवायला काही सुचेना. तिथे आहे काय, दगड नि गवत. मी तिथे 'ओसाड' असं लिहिलं. सरपंच कारभारी म्हणाले की एवढा मोठा तुकडा रिकामा कशाला ठेवायचा, झाडं लावू. मग मी हिरव्या रांगोळीची अख्खी पिशवी तिथे ओतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चार हजार रोपं, मशीनने खड्डे, आणि पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव. आपल्या माळावर जंगल होणार, आक्का! तुला बातमी कधी सांगतो असं झालं होतं.

रोझीने सलाम सांगितला आहे. धाकट्यावर लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
शांतवन

---

जबलपूर
१८ जून २०२५

चि. शांतू यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. नात पंखा लावू की नको विचारत होती, मी नुसती डोळे वटारून बसले होते, तर तिला वाटलं आजीला झटका आला.

ओसाड? कुणाला ओसाड म्हणतोस रे मास्तरा? नि वर टाळ्या घेतल्यास! तुला नगरच्या बोर्डिंगात घातलं तेव्हा तू किती वर्षांचा होतास? नऊ. सुट्टीला यायचास ते पुस्तकात तोंड खुपसून बसायला. माळावर कधी गेलास का? एकदा आलास, ते कुसळं टोचतात म्हणून रडत घरी गेलास. मी सकाळची शाळा करून सात वर्षं त्या माळावर शेळ्या वळल्या. मला विचार तिथे काय आहे ते.

टेकाडाच्या पोटाला पवन्या होता, गवत कमरेएवढं. खाली सपाटीला मारवेल, तिथे शेळी एकदा घुसली की दगड मारल्याशिवाय बाहेर यायची नाही. मोठ्या सपाट खडकाच्या खालच्या अंगाला वर्षभर ओल असायची. लव्हाळा असायचा तिथे, उन्हाळ्यातही हिरवा. मी आणि छबू तिथे हाताने खड्डा करून पाणी प्यायचो. पलीकडच्या घळीत लांडगीण विणायची. आणि आखाड-श्रावणात गवतातून एक काळं पाखरू उडी मारायचं, माणसाच्या डोक्याएवढं उंच जायचं आणि परत गवतात पडायचं. दिवसभर उड्या! आम्ही त्याला उडीबाबा म्हणायचो. त्याची मादी गवतात जमिनीवरच अंडी घालते. तिथे तुझं मशीन खड्डे पाडणार नि झाडांची सावली करणार. सावलीत पवन्या येत नाही, बाबा. गवत गेलं की उडीबाबाही गेला, लांडगाही गेला आणि छबूच्या भावाची मेंढरंही गेली.

दीडशे माणूस होतं म्हणतोस. पण कोण होतं ते बघ ना जरा. पुरुष कधी माळावर फिरले नाहीत, शेळ्या आम्ही पोरी वळायचो. बाया होत्या त्या सगळ्या सुना, दुसऱ्या गावच्या. माळ ठाऊक होता तो गावच्या लेकींना. त्या तर लग्न होऊन चारी दिशांना गेल्या. गावाला विचारलं म्हणता आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना सोडून सगळ्यांना विचारता. धन्य आहे तुमची.

रागावले. तुझ्यावर नाही, म्हणजे तुझ्यावरच. इथे घरात सगळं हिंदी. जावई, नात, शेजारी. आता कानच गेले, तर मराठी मला फक्त तुझ्या पत्रात भेटते. पवन्या हा शब्द मी किती वर्षांनी लिहिला, माहीत नाही. लिहिल्यावर उगाच त्यावरून बोट फिरवलं. आईच्या मातीला आले होते, त्याला अकरा वर्षं झाली. मला माळ पाहायचाय रे शांतू. मरायच्या आधी एकदा त्या खडकावर बसायचंय.

रोझीला आशीर्वाद. माझ्या तिखट बोलण्यासकट माझ्यावर माया ठेव.

तुझी,
आक्का

---

बोरदरा
२ जुलै २०२५

ती. आक्का हिस,
कान धरून सलाम. वि. वि.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. पाचव्यांदा पंचायतीत मोठ्याने वाचलं. कुसळं टोचून रडलो त्या वाक्याला लोक इतके हसले की कारभारींना चहा मागवावा लागला. हसून झाल्यावर मात्र त्यांनी मुद्द्याचं विचारलं. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या बाईची आठवण हा पुरावा कसा धरायचा? आणि झाड लावलं तर झाड दिसतं, मोजता येतं, फोटो काढता येतो. गवत राखलं तर गावाने काय केलं म्हणून दाखवायचं? माणूस वाईट नाही, आक्का. गावासाठी काहीतरी उभं करावं अशी त्यांची खरीच इच्छा आहे.

निकिताने मात्र तुझं पत्र मागून घेतलं आणि लेकींबद्दल लिहिलंस त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाली की सर, चूक माझी आहे, मी गावात राहणाऱ्यांनाच गाव समजले. तिच्या डोक्यातून निघालं, की गावच्या लेकींना बोलवायचं. राखीला पुष्कळजणी येतातच, तर त्याच आठवड्यात त्यांची शिवारफेरी काढायची. त्यांनी माळ दाखवायचा, तिने नोंदवहीत उतरवून घ्यायचा.

यादी करायला मी शाळेचं जुनं दाखल्यांचं रजिस्टर काढलं आणि पुन्हा तोंडावर पडलो. ज्यांनी शेळ्या-मेंढरं वळली त्या पोरी शाळेत होत्याच कुठे? मग रोझी आणि मी घरोघर फिरलो. रोझी श्रीरामपूरची, इथे येऊन तिला छत्तीस वर्षं झाली, पण किती घरांतून किती लेकी गेल्या ते तिला पहिल्यांदा कळलं. एकतीस नावं झाली. तुझी छबूबाई जामखेड तालुक्यात दिली आहे, तिला भेटायला एसटीने गेलो. तुझं नाव काढल्यावर तिने हातातली भाकरी खाली ठेवली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. रडका शांतू तो तूच का, असं विचारलं.

तुला एवढ्या लांबून यायची दगदग नको. खुब्याचं दुखणं, मनमाडला गाडी बदलायची, शिवाय ऐकू येत नाही. तेव्हा तू घरबसल्या माळाचा एक नकाशा काढून पाठव. तो आम्हाला पुरेल.

लोभ असावा, रागावशील तितका तो पक्का आहे असं मी धरून चालतो.

तुझा,
शांतवन

---

जबलपूर
१३ जुलै २०२५

चि. शांतू यास,
अ. आ. वि. वि.

सोबत नकाशा आहे. मोनिकाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पाठीमागचं पान घेतलं. पोरगी ओरडली, जुलै अजून संपला नाही म्हणून. खडक, लव्हाळा, घळ, पवन्या, सगळं दाखवलं आहे. दोन फुल्या आहेत तिथे उडीबाबा नाचायचा.

छबूला माळाचं विचारताना चूक करू नका, तिला टेकाडावर उभी करा आणि मग विचारा. घरात बसून तिला काही आठवायचं नाही. आम्ही रोज बरोबर असायचो. तिची मेंढरं, माझ्या शेळ्या. भाकरी बदलून खायचो. तिला आमच्या घरचं कोरड्यास आवडायचं. तिच्या आईला ते ठाऊक नव्हतं, आणि आमच्या आईला सगळं ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी मला नर्सिंगला पाठवलं. जायच्या दिवशी छबू मेंढरं घेऊन लांब गेली होती, भेट झालीच नाही. तिला वाचता यायचं नाही, म्हणून पत्रही लिहिलं नाही. कुणाकडून वाचून घेतलं असतं की तिने. हे मला आता सुचतं, बावन्न वर्षांनी.

नकाशा तुम्हाला पुरेल म्हणतोस. पुरू दे. मी आले काय आणि माझा कागद आला काय, तुमचं काम झाल्याशी कारण.

आपली म्हणून जेवढी माया राहिली असेल तेवढी राहू दे.

आक्का

---

बोरदरा
११ ऑगस्ट २०२५

एस्तेर, छबूचा रामराम.

मी सांगते आन मास्तर लिवतोय. त्याला म्हनले, तुजं शाळंचं मराठी घालू नगंस, मी बोलते तसंच लिव. लिवतोय का न्हाई ते तू वळख.

राखीला आले. काल आमी एकवीस जनी माळावर गेल्तो. एक तर काठी टेकीत आली. गावातल्या सुनाबी आल्या मागं मागं, त्येंनी माळ कंदी बघितलाच नव्हता. तुजी भावजय रोझी लई चांगली हाय गं. तिच्या लुगड्याला, म्हंजे साडीला, कुसळं लागली तर रडली न्हाई, तुज्या भावावानी.

तुजा कागद निकितानं हातात धरला हुता. खडकाचं टोक तू डावीकडं काढलंस, ते उजवीकडं हाय. तुला कंदी डावंउजवं कळलं न्हाई. बाकी समदं बराबर. मी टेकाडावर हुबी राहिले आन मला समदं दिसाया लागलं. खडकाच्या खालच्या अंगाला गेले तर लव्हाळा हाय! थोडाच हाय, दोन गड्ड्या, पर हाय. बसले आन हातानं उकरलं. पानी वर आलं. त्या पोरी म्हनल्या, आजी गढूळ हाय, पिऊ नगा. मी प्याले. तुज्या वाटनीचं बी प्याले.

घळीत खोकडाचं बीळ हाय. लांडग्याचा माग दिसला. माजा भाव भीमा म्हनला की गेल्या साली एक मेंढरू नेलं त्यानं. त्यो नेनारच, त्याचा वाटा हाय त्यो.

पवन्या कमी झालाय. टेकाडाच्या पोटाला हाय, खाली न्हाई. उडीबाबा दिसला न्हाई, एस्तेर. दोन्ही फुल्यांवर बसून राहिलो, उनं उतरस्तवर. कुनी तरी म्हनलं, दिसला म्हनून लिवा, म्हंजे माळ वाचंल. मी म्हनले, न्हाई. खोटं लिवलं तर उद्या एक जन येऊन बघंल आन मंग आमच्या खऱ्याला बी खोटं म्हनंल. निकितानं लिवलं, पूर्वी हुता. मी म्हनले, त्याच्या म्होरं लिव, गवत ऱ्हायलं तर येईल.

तू का न्हाई आलीस? मला वाटलं हुतं तू येशील. मी दोन्ही दिस एसटीच्या थांब्याकडं बघत हुते. मास्तर म्हनतोय की तुजं पाय दुखत्यात. माजं काय दुखत न्हाई का?

बाकी काय लिवू. मी हाय अजून.

छबू

---

बोरदरा
१७ ऑगस्ट २०२५

ती. आक्का हिस,
शांतवनचा सलाम. वि. वि.

ग्रामसभा झाली. सगळं सांगतो.

लेकी राखीनंतर थांबल्या होत्या, पण मतासाठी हात वर करायचा तो गावच्या मतदाराने. लेकींची नावं तर सासरच्या यादीत. ग्रामसेवकाने तसं स्पष्ट सांगितलं आणि त्याचं खोटं नव्हतं. म्हणून त्या सगळ्या शाळेच्या ओट्यावर बसल्या, नुसत्या ऐकायला. कारभारींनी रोपांचा विषय मांडला. निकिताने नोंदवही वाचली. लोक कुजबुजले, पण वारं रोपांकडेच होतं. रोझी उठली आणि म्हणाली की छत्तीस वर्षं मी ज्याला ओसाड म्हणत आले तिथलं पाणी मी परवा पाहिलं. तिचं बोलणं ऐकून बायांच्या बाजूला हालचाल झाली, पण पुरुष खाली मान घालून बसले होते.

तेव्हा छबूबाई ओट्यावरून उतरली. सरळ भावापुढे जाऊन उभी राहिली आणि भीमाला म्हणाली की राखी बांधली त्याची ओवाळणी तू अजून दिली नाहीस. साडी नको, तुझा हात दे. झालं! बाकीच्या एकेक करून उतरल्या आणि आपापल्या भावापुढे उभ्या राहिल्या. ओवाळणी मागणाऱ्या बहिणीला नाही म्हणणारा भाऊ आपल्या शिवारात अजून जन्मायचा आहे. कारभारींची बहीण पंकजा टेबलापाशी जाऊन उभी राहिली, तर ते म्हणाले की हे राजकारण झालं. तिने मान हलवली, की नाही, ही राखी आहे. कारभारी आधी चिडले, मग हसले, आणि हात वर केला. हात वर केल्यावर मात्र बजावलं, की गवत राखायचं तर मग नीट राखायचं, चराई पाळीपाळीने, आणि भीमाने ती बघायची.

त्रेसष्ट विरुद्ध अडतीस. टेकाडापासून खडकापर्यंत मशीन जाणार नाही, रोपं लावायची ती ओढ्याच्या काठी आणि बांधावर. लव्हाळ्याभोवती दगड रचून जागा राखायची. तू म्हणालीस तसंच सगळं झालं, आक्का.

माझ्यापुढे कुणीच उभं नव्हतं. मी हात वर केला, पण माझ्यापुढची जागा रिकामी होती आणि ती सगळ्या सभेला दिसत होती. मान खाली गेली माझी.

तुझा,
शांतवन

---

जबलपूर
२८ ऑगस्ट २०२५

चि. शांतू यास,
अ. आ. वि. वि.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. छबूचं आधी वाचलं. मग आंघोळीला गेले, कारण नातीसमोर रडायचं नव्हतं. बहिरेपणात एक गैरसोय आहे, आपण किती मोठ्याने रडतो ते आपल्याला कळत नाही. ती दार वाजवत होती म्हणे.

माळ राहिला. मला फार आनंद झाला, शांतू. तू खरंच चांगलं काम केलंस. छबूला सांग, खडकाचं टोक डावीकडेच आहे.

आता एक बोलते, ते मनाला लावून घे. लावून घ्यावं म्हणूनच बोलते. माझा खुबा दुखतो हे तुला ठाऊक. मला ऐकू येत नाही हे ठाऊक. मी येणार नाही हे तूच ठरवलंस. मला विचारलंस कधी? पहिल्या पत्रापासून मी म्हणतेय की मला माळ पाहायचाय, आणि तू माझ्याकडून नकाशा मागवलास. ज्यांना ठाऊक आहे त्यांना सोडून बाकीच्यांना विचारता म्हणून मी गावावर रागावले, ते गाव सुधारलं, तू राहिलास.

आमच्या वेळी सासरहून लेकीला आणायला भाऊ जायचा, मुराळी म्हणून. छबूला भीमा आणायचा, बैलगाडी घेऊन. मला कुणी आलं नाही. मी नोकरीवाली, शहाणी, माझं मी तिकीट काढून यायचे, माझी ट्रंक मीच उचलायचे, आणि सगळे कौतुक करायचे की एस्तेर कशी एकटी येते. मला नको होतं ते कौतुक. एकदा तरी कुणी दारात येऊन म्हणायला हवं होतं, की चल, तुला न्यायला आलोय.

तुझ्या बहिणीने कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही. रागावू नकोस, आणि जमलं तर माया कर.

आक्का

---

बोरदरा
५ सप्टेंबर २०२५

ती. आक्का हिस,
सलाम. वि. वि.

रोझीने तुझं पत्र वाचून माझ्यासमोर पिशवी ठेवली. त्यात माझे दोन सदरे आणि वाटेला दशम्या होत्या.

छबूबाईला निरोप दिलाय. ती परवाच बोरदऱ्याला राहायला येणार आहे. म्हणाली, पवन्या अजून महिनाभर उभा आहे, तोवर आण म्हणावं तिला. तिकडे मोनिकाला तुझी तयारी करायला सांगू नकोस, ते मी करीन. ट्रंकेला हात लावू नकोस.

या पत्राला उत्तर लिहू नकोस, आक्का. मी आत्ता मनमाडच्या एसटीत बसतोय, हे शेवगावच्या पेटीत टाकून पुढे निघतो. पोस्टाच्या आधी मीच पोचलो, तर हे पत्र आपण दोघं परत आल्यावर वाचू.

तुझा मुराळी,
शांतवन